बुक्क्याला मारलेली हाक

ता. ५ मार्च १९३३, रविवार

पांडुरंगाच्या कृपेनं आज सोलापुरात बिऱ्हाड लागलं. ह्यांना गिरणीत हजेरी लिहिण्याची जागा मिळाली, आणि ज्यांच्या शब्दानं मिळाली त्या धोंडीराम आप्पांनीच आपल्या घरातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिल्या. आप्पा त्याच खात्यात जाबर आहेत, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. पुढं फरशीचं अंगण, अंगणात आड. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग दिवसभर खटखटतात. मला तो आवाज आवडला. घरात कुणीतरी कामात आहे असं वाटत राहतं.

आप्पांच्या पत्नी बजाबाई दारातच उभ्या होत्या. मी मॅट्रिक असल्याची बातमी माझ्या आधी पोचलेली. मला बघून म्हणाल्या, की या मास्तरीणबाई, आता आमच्या आडाला बी इंग्रजी पानी लागंल की! शेजारच्या केरामावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. सामान लावलं, देव मांडले, तुळशीची कुंडी कोपऱ्यात ठेवली. सांगोल्याहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. पहिल्या दिवशी चूल पेटवली नाही, तेवढंच सरपण वाचलं.

जमाखर्चाच्या वहीला मागच्या बाजूनं ही रोजनिशी सुरू करते आहे. त्यासाठी नवी वही कशाला?

ता. १२ मार्च, रविवार

अंगणात एक बोकड बांधलेला असतो. बोकड कसला, करडूच. दुधासारखा पांढरा, आणि कपाळावर मधोमध काळा ठिपका, जणू कीर्तनाला जाऊन बुक्का लावून आलाय. आम्ही दोघंही माळकरी. माझी माळ वडिलांनी लहानपणीच घातली, ह्यांची लग्नाआधीपासूनची. तेव्हा ह्या बुक्केवाल्या पाहुण्याचा मान ठेवणं आलंच. त्याचं नाव बुक्क्या ठेवलं. खायला घातलं तर चालेल का, असं आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, घाला की, आमचा चारा वाचतोय.

घरात मूल नाही म्हणून बोकडाला जीव लावते, असं बायका म्हणतील. म्हणोत. मूल असतं तरी ह्याला लावलाच असता. भाजी निवडायला बसलं की हा मांडीवर हनुवटी टेकून डोळे मिटतो, आणि देठ तेवढे अचूक ओढतो.

ता. ३० मार्च, गुरुवार

आज पुष्कळ हसले. तुळशीला पाणी घालताना मागच्या आठवड्यात तांब्या हिंदकळला आणि बुक्क्याच्या पाठीवर पाणी पडलं. त्यानं कानांपासून शेपटीपर्यंत असं काही अंग झाडलं की मीच भिजले. मी म्हटलं, झाड झाड, बुक्क्या झाड! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता त्याला सवयच लागली आहे. पाणी टाकलं की माझ्या तोंडाकडे बघत थांबतो, आणि हाक ऐकली की झाडतो. मग भाकरीचा काठ मिळतो. विणकरांची पोरंदेखील बघायला येतात.

हे गिरणीतून आले की माझा आवाज काढून तीच हाक मारतात. हुबेहूब माझा हेल. बुक्क्या फसतो, अंग झाडतो, आणि भाकरी नाही असं बघून मला शोधायला घरात येतो. मी ह्यांना म्हणते, की मुक्या जिवाला असं फसवू नये. हे हसतात.

ता. ११ जून, रविवार

झोप येत नाही, म्हणून लिहिते.

बजाबाई आज तांदूळ निवडता निवडता सहज बोलून गेल्या. गेल्या वर्षी आप्पांचं धोतर गिरणीच्या पट्ट्यात अडकलं होतं. जीव वाचला, म्हणून शिवेवरच्या लक्ष्मीआईला आखाडात बोकड बोलला आहे. बुक्क्या तो बोकड. मी चारते आहे ते पाहून त्यांना समाधान वाटत होतं, कारण आईला अंगानं भरलेला आवडतो म्हणे.

मी आप्पांकडे गेले. म्हटलं, मला विकत द्या, वर्षभर पैसे फेडीन. आप्पा म्हणाले, की आईचं धन इकत असत्यात व्हय? मास्तरीणबाई, पुस्तक शिकला, पर देव न्हाय शिकला. बजाबाई म्हणाल्या, की रडाया लागली बगा, जणू सासरा मेला!

केरामावशींनी मात्र संध्याकाळी मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाल्या, की आईपुढं उभा करून त्याच्या अंगावर पानी टाकत्यात. अंग झाडलं तर आईनं घेतला. न्हाय झाडलं तर आई नको म्हनाली. मग कापत न्हाईत, आईचा म्हनून जल्मभर मोकळा सोडत्यात, लोक त्याला हात लावायला बी भित्यात.

तेव्हापासून विचार करते आहे. झाडायला मीच शिकवलं, आता विसरायलाही मीच शिकवीन. उद्यापासून हाक बंद. रोज मुकाट्यानं पाणी टाकायचं, उभा राहिला तरच भाकरी द्यायची. ह्यात देवीला फसवणं असेल, तर पांडुरंगा, ते माझ्या माथी घाल.

ता. १३ जुलै, गुरुवार

जमलं. आज त्याच्या अंगावर कळशी रिकामी केली. दगडासारखा उभा. पाणी दाढीवरून ठिबकतंय आणि हा माझ्याकडे बघतोय, की आता तरी दे. भाकरीचा काठ नाही, अख्खी भाकरी दिली.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी त्याचं कपाळ खाजवलं आणि म्हणाले, की आईनं नको म्हटलं तर आप्पा चिडतील. म्हटलं, चिडोत. देवीवर चिडणार का?

ता. १८ जुलै, मंगळवार

बुक्क्या गेला.

मी घरीच होते. आम्ही कापण्याच्या जागी जात नाही. दिवसभर जपमाळ हातात धरून दारात बसले होते, की आता येईल मोकळा, दोर तोडून येईल. आल्या त्या केरामावशी. माझ्याकडे न बघता पायऱ्यांवर बसल्या.

त्यांनी सांगितलं तसं लिहिते. तीनदा पाणी टाकलं. तिन्ही वेळा बुक्क्या दगडासारखा उभा राहिला. पुजारीसुद्धा म्हणाला, की आईच्या मनात न्हाय, सोडा. बायांनी हात जोडले. आप्पांचं तोंड काळं पडलं. आणि तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बारीक आवाजात हाक मारली, झाड झाड, बुक्क्या झाड. अगदी तुझ्यावानी पोरी, मी मागं वळून बगितलं तू आलीस का म्हनून. कोण होतं ते गर्दीत दिसलं नाही.

बुक्क्यानं मान वळवली. आवाज आला तिकडे बघितलं. आणि अंग झाडलं.

ता. १९ जुलै, बुधवार

आप्पांकडून वाटीभर रस्सा आला. माळकऱ्याच्या घरी! मी वाटी त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आले. बजाबाई म्हणाल्या, की परसाद हाय, टाकू ने. मी म्हटलं, माझ्या लेकराला मी खात नाही. त्या खो खो हसल्या. लेकरू म्हने!

हे काल उशिरा आले. गिरणीत काम होतं म्हणाले. जेवले नाहीत.

ता. २२ जुलै, शनिवार

बोकडासाठी कुणी सुतक धरत नाही. मी धरलं आहे. देवाला हात लावत नाही, तीर्थ घेत नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर हसतील, आणि आता माझ्यासमोर कुणी हसलं तर मी काय करीन ह्याचा मला भरवसा नाही.

देठ वेगळे काढून ठेवायची सवय हाताला लागली आहे. आज मेथी निवडून झाली आणि देठांचा ढीग माझ्या मांडीशी तसाच. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. त्याच्या हनुवटीचं ओझं मांडीला अजून कळतं. ते एवढंसं ओझं! आणि त्या माणसांनी पातेलंभर शिजवून त्यात मीठ कमी पडलं का, ह्यावर दोन दिवस चर्चा केली. मी आडावर उभी राहून ऐकत होते.

माझ्या आवाजाचं दुःख सर्वांत जास्त. तो मेला तेव्हा त्याला वाटलं असेल, की मी हाक मारली.

ता. २७ जुलै, गुरुवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नागोबाला लागतं म्हणे. बोकडाला लागत नाही?

आज त्याचा दहावा. भाताचा पिंड केला, वर भाकरीचा काठ ठेवला आणि भर दुपारी परसाच्या भिंतीवर नेऊन ठेवला. कावळे आले. बसले. कुणी शिवेना. माणूस गेलं तरी असंच होतं. मेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी ते ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं असतं. मी म्हटलं, तुला रोज भाकरी ठेवीन. शिवेना. म्हटलं, पुन्हा बोकड पाळणार नाही, तुझी जागा कुणाला देणार नाही. तरी कावळा शिवेना.

मग माझ्या आतला सगळा राग एकदम तोंडाशी आला. मी ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल. ज्यानं तुला कापलं आणि ज्यानं माझ्या आवाजात हाक मारून तुला फसवलं, ते दोघंही तुला दिले!

शब्द पुरा झाला नव्हता. कावळा पिंडावर होता.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चांगलं पोटभर बरं वाटलं.

ता. ३१ जुलै, सोमवार

नागपंचमीच्या ओरडण्यानं घसा बसला आहे, बोलले तर फाटकं फाटकं येतं. श्रावणी सोमवार म्हणून दुपारी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. परत आले तर बजाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात. म्हणाल्या, की काय वो, भर दुपारी आमच्या मालकाला नाव घिऊन हाका मारताय, लाज हाय का न्हाय? झाड झाड काय म्हनताय त्यांना, त्ये काय बोकड हाय व्हय?

मी म्हटलं, की मी देवळात होते. माझ्याच कानाला माझा आवाज नीट ऐकू आला नाही. त्या म्हणाल्या, की आता घसा बसलाय व्हय? तवा तर मंजुळ येत हुता की.

आप्पा दारात बसले होते. अंघोळ करून आलेले, अंग ओलं. बसल्या बसल्या मानेपासून कमरेपर्यंत थरथरले, जनावर माशी उडवतं तसे. स्वतःच दचकले. मी बघत होते हे त्यांनी पाहिलं.

हिव भरलं असेल, असं बजाबाई म्हणाल्या.

ता. ४ ऑगस्ट, शुक्रवार

आप्पा गेले.

दुपारच्या जेवणानंतर आडवे झाले होते. बजाबाई म्हणतात, की अंगणातून हाक आली, तशी ते उठले आणि हसत हसत, अनवाणी चालू लागले. बजाबाईंना वाटलं कुणी बोलवायला आलं. संध्याकाळी गुराख्यांनी निरोप आणला. शिवेवर, लक्ष्मीआईच्या दगडापुढं गुडघे टेकलेले, मान लांब करून दगडावर ठेवलेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. डॉक्टरांनी हृदय म्हटलं.

कपडे चिंब भिजलेले होते. आठवडाभर पाऊस नाही.

केरामावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मला वाईट वाटायला हवं. बघते, वाटतं का.

ता. ६ ऑगस्ट, रविवार

आता सगळं कळलं.

बजाबाई आज माणसांनी भरलेल्या घरातून उठून माझ्या दारात आल्या. केस मोकळे. सगळ्यांदेखत म्हणाल्या, की तूच हाका मारून नेलंस माझ्या मालकाला, चेटकीनी. मी फाटक्या आवाजात म्हटलं, की मुक्या जनावराला खोटी हाक मारून कापलंत, त्याचं तुम्हाला काही नाही. त्यावर त्या हसल्या. रडत रडत हसल्या. म्हणाल्या, की हाक कुनी मारली ठावं हाय का तुला, मॅट्रिकवाले? तुज्या नवऱ्यानं! तुज्याच नवऱ्यानं तुजा आवाज काढला! आन मग माळ खुंटीला अडकवून पंगतीत बसला, दोनदा वाढून घेतलं!

हे मागं उभे होते. मी वळून बघितलं. मग ह्यांनीच सांगितलं.

आप्पांनी म्हणे डोळ्यांनी खूण केली. जागा त्यांच्या शब्दावर होती. जागा गेली असती. म्हणून हाक मारली. आणि मग खाल्लं नसतं तर आप्पांना राग आला असता, म्हणून खाल्लं. ह्यांनी माझे पाय धरले. मी पाय काढून घेतले. हा माणूस त्या रात्री माझ्याजवळ झोपला. मी उशीत तोंड खुपसून रडत होते आणि ह्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात. आणि त्याच तोंडानं —

केरामावशी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पिंडाचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, की आईनं नको म्हटलेलं आईच्या गळी मारलं, त्येचा कोप एक, आन त्यात तू तुजा शब्द दिलास. देनं मोठ्यानं दिलंस ना पोरी, मग मोठ्यानं परत माग. भितीपाशी जा, पिंड ठिव, हाय तेवढ्या आवाजात वरड. आजच जा. नवरा हाय त्यो तुजा.

जाईन. पण आज नाही. उद्या जाईन. आजचा एक दिवस मला ह्यांच्यावर रागवू दे.

ता. ७ ऑगस्ट, सोमवार

आवाज गेला.

सकाळी उठून नाम घ्यायला तोंड उघडलं, श्वासच आला फक्त. मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं. पिंड घेऊन भिंतीपाशी उभी राहिले. पूर्ण जोर लावला. घशातून हवा. कावळे समोर बसून बघत होते, एकही हलला नाही.

काल गेले असते तर — काल आवाज होता. फाटका का होईना, होता.

ता. ८ ऑगस्ट, मंगळवार

हे न्हाणीतून बाहेर आले. मानेवरून पाणी ओघळलं आणि अंग झाडलं. कानांपासून खालपर्यंत. थेंब माझ्या तोंडावर उडाले.

मी पंच्यानं ह्यांचं अंग पुसलं. पुसताना इतकी चीड आली की कातडी लाल झाली. तरी पुसत राहिले. अंगावर एक थेंब राहू द्यायचा नाही.

ता. ९ ऑगस्ट, बुधवार

हे दुपारी गिरणीतून मध्येच आले. हसत. कितीतरी दिवसांनी हसत. म्हणाले, की फाटकापाशी येऊन हाक मारलीस, मी ऐकली. नाव घेऊन हाक मारलीस!

लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. कुठली बायको घेते? ह्यांना त्याचंच अप्रूप. म्हणाले, की किती गोड वाटलं म्हणून सांगू. माझ्यावरचा राग गेला ना?

मी मान हलवली, की नाही, मी नव्हते. पाटीवर लिहून दाखवलं. ह्यांनी वाचलं, आणि हळूहळू हसू गेलं. मग थरथरले. अंगावर पाणी नव्हतं. घाम होता.

ता. १० ऑगस्ट, गुरुवार

उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. सांगोल्याला, वडिलांकडे. गिरणी गेली खड्ड्यात. मी लिहून विचारलं, येता का. हे हो म्हणाले. माळ पुन्हा गळ्यात घातली आहे. हात सारखा तिच्याकडे जातो.

आज दुपारी मी स्वतः ऐकला. चुलीपाशी होते. अंगणातून माझा आवाज आला. माझा चांगला आवाज, घसा बसण्यापूर्वीचा, मार्च महिन्यातला. हसरा. झाड झाड — आणि पुढं ह्यांचं नाव.

दारात गेले. अंगण रिकामं. बुक्क्याला बांधायचे तिथली फरशी तेवढी ओली होती.

ता. ११ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळ

बोचकं बांधलं. दोन्ही दारांना कड्या. हे खाटेवर बसून आहेत. घरातलं सगळं पाणी ओतून टाकलं, प्यायचंसुद्धा. गाडीत पिऊ.

केरामावशींना खिडकीतून खुणेनं सांगितलं, टांगा आणा. त्या गेल्या आहेत.

दुपार

सुरू झालं. अंगणात.

थांबतच नाही. आधी दाराशी, मग खिडकीशी. अहो नाही, तुम्ही नाही, नुसतं नाव — बाहेरची कशी निर्लज्ज — किती गोड —

भोंगा झाला. टांगा नाही.

हे उठले. मी दंड धरला. माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं — हळू, मला घाबरून — ती बाहेर हाका मारतेय. मग तू कोण आहेस?

माझ्याकडे बघतात तसे आप्पांच्या प्रेताकडे बघत होते. तोंड उघडलं. आवाज नाही. मी तोंड उघडलं की हे आणखी मागं सरतात. दाराकडे —

वहीच धरते ह्यांच्यापुढं. मोठ्या अक्षरात.

हे अक्षर माझं आहे. ओळखा. पाच महिने रोज बघता.

मी इथं आहे. मी हाक मारली नाही.

बाहेरची गोड बोलते. ती म्हणते माफ केलं. मी माफ केलेलं नाही. मी अजून तुमच्यावर रागावले आहे, ज्यानं मांडीवरचं लेकरू नेलं त्याच्यावर रागवावं तेवढी, आणि जन्मभर रागावणार आहे, तुमच्याशेजारी बसून रागावणार आहे. एवढी एकच खूण समजा. बाहेरचीला राग नाही. बायको मी आहे.

वाचताहेत. थांबले —

नाही, पुन्हा हाक — पायाशी ओलं कसं — कुठून, पाणी तर सगळं —

कडीला हात लावू नका. माझ्याकडे बघा. नाव हवं ना, हे घ्या, मी लिहिते, मी घेते, बघा इकडे, सिद्धना